टेन्सेग्रिटीचं विश्लेषण: तीन दांड्यांपासून जिवंत पेशीपर्यंत

टेन्सेग्रिटी रचनेत दांड्या एकमेकींना टेकत नाहीत, तारा सगळ्या ताणलेल्या, आणि तरी वस्तू उभी राहते. बघणाऱ्याला प्रश्न पडतो, ही उभी कशी? विश्लेषण करणाऱ्याने मात्र यातली तार एक मिलिमीटर लांब झाली तर काय होईल, हे विचारायचं असतं. या लेखात सर्वांत लहान त्रिमित रचना घेऊन हिशोब तडीस नेला आहे. तोच हिशोब पेशीला लावताना कुठे अडतो, ते शेवटी पाहू.

थोडी पार्श्वभूमी. टेन्सेग्रिटी हा शब्द अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचा, ताण आणि अखंडता या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून केलेला. रचना मात्र त्यांचे विद्यार्थी, शिल्पकार केनेथ स्नेलसन यांनी १९४८ साली करून दाखवली होती, आणि श्रेयावरून पुढे दोघांचं बिनसलं. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि स्टेनलेस स्टीलच्या तारांचा स्नेलसन यांचा वॉशिंग्टनमधला 'नीडल टॉवर' (१९६८) १८ मीटरहून उंच आहे. ब्रिस्बेनचा कुरिल्पा पूल (२००९) टेन्सेग्रिटी म्हणून ओळखला जातो, पण त्याचा बराचसा भार मस्तूल आणि तिरक्या केबली पेलतात. 'दिसायला तशी' आणि 'हिशोबाने तशी' यांत फरक आहे, म्हणून नाव देण्याआधी मोजायचं.

पायरी १: सांधे आणि घटक मोजा

तीन दांड्यांचा पिळलेला प्रिझम घ्या. खाली तारांचा त्रिकोण, वर तारांचा त्रिकोण, तीन उभ्या तारा आणि तीन तिरक्या दांड्या. सांधे ६, घटक १२ (९ तारा, ३ दांड्या).

मॅक्सवेल यांचा १८६४ चा नियम सांगतो की त्रिमितीत मोकळी रचना ताठ राहायला तीन गुणिले सांधे वजा सहा इतके घटक लागतात. इथे १८ − ६ = १२, म्हणजे नेमके पुरेसे. पण इतक्यावर थांबलात तर फसाल. कॅलाडाइन यांनी १९७८ मध्ये नियम पुरा केला: घटकांची संख्या वजा आवश्यक संख्या म्हणजे स्वताणाच्या अवस्था वजा सैल हालचाली. स्वताण म्हणजे बाहेरून काहीही भार नसताना घटकांनी आपापसांत धरलेले, प्रत्येक सांध्यावर शून्य बेरीज होणारे ताण-दाब. सैल हालचाल म्हणजे घटकांची लांबी जवळजवळ न बदलता होणारी हालचाल. आपल्या प्रिझममध्ये फरक शून्य येतो. म्हणजे दोन्ही शून्य, किंवा दोन्ही एक. पहिल्या स्थितीत रचना ताणताच येत नाही, दुसरीत ती टेन्सेग्रिटी होते. कोणती स्थिती आहे ते नुसत्या मोजणीवरून कळत नाही, आकारावरून ठरतं.

पायरी २: आकार शोधा

खालचे सांधे १, २, ३ आणि वरचे क, ख, ग, दोन्ही वरून पाहताना घड्याळाच्या उलट क्रमाने. दोन्ही त्रिकोण समभुज, परिवर्तुळाची त्रिज्या सारखी. उभ्या तारा १–क, २–ख, ३–ग. दांड्या १–ख, २–ग, ३–क. वरचा त्रिकोण खालच्याच्या तुलनेत किती पिळलेला असेल, एवढंच अज्ञात.

इथे बलघनता वापरा: घटकातलं बल भागिले लांबी, ताण धन आणि दाब ऋण. या युक्तीने समतोलाची समीकरणं सरळ रेषीय होतात. शेक यांनी १९७४ मध्ये ही पद्धत नीट मांडली. सांधा १ चा उभ्या दिशेचा समतोल लिहिला की दांडीची बलघनता उभ्या तारेइतकीच, पण उलट चिन्हाची, असं लगेच निघतं. आडव्या दिशेचा समतोल एकाच पिळाला जुळतो: ३०°. त्या वेळी त्रिकोणातल्या तारेची बलघनता उभ्या तारेच्या ०.५७७ पट असते. उंची कितीही ठेवा, कोन तोच.

याच गोष्टीकडे भूमितीतूनही बघता येतं. दांडीच्या लांबीचा वर्ग वजा उभ्या तारेच्या लांबीचा वर्ग = ३.४६४ × त्रिज्येचा वर्ग × (पीळ − ३०°) ची कोसाइन. दांडी आणि त्रिकोण ठरलेले असतील तर उभी तार सर्वांत आखूड होते ती नेमकी ३०° वर. तार आवळत गेलात की रचना आपोआप तिथे येऊन अडते.

आकडे घालू. त्रिज्या १०० मिमी, उंची २०० मिमी:

- त्रिकोणाची तार: १७३.२ मिमी
- उभी तार: २०६.६ मिमी
- दांडी: २७८.१ मिमी

उभ्या तारेत १०० न्यूटन ताण ठेवला तर दांडीवर १३४.६ न्यूटन दाब आणि त्रिकोणाच्या तारेत ४८.४ न्यूटन ताण येतो.

आता सुरुवातीचा प्रश्न. तिन्ही उभ्या तारा एकेक मिलिमीटर लांब झाल्या, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. वरच्या सूत्रात घातलं की पीळ ३०° च्या दोन्ही बाजूंना सुमारे ९° मोकळा होतो. एका मिलिमीटरच्या चुकीपायी १८° ची डुगडुग! कोसाइन शिखरापाशी सपाट असते, त्यामुळे लांबीतली बारीक चूक कोनात मोठी होऊन बाहेर पडते. घरी केलेले बहुतेक प्रिझम लुळे पडतात ते यामुळे. दोरा 'कमी मजबूत' असण्याशी त्याचा संबंध नसतो.

पायरी ३: मॅट्रिक्सने खात्री करा

तीन दांड्यांना कागद पुरतो. मोठ्या रचनेला संगणक लागतो. समतोल-मॅट्रिक्स मांडा: प्रत्येक सांध्याच्या तीन दिशांच्या तीन ओळी, प्रत्येक घटकाचा एक स्तंभ, आणि त्यात घटकाचे दिशा-कोसाइन. पायथनमध्ये त्याचं सिंग्युलर व्हॅल्यू विघटन काढून शून्य नसलेली मूल्यं मोजा; ती संख्या म्हणजे रँक. घटक वजा रँक म्हणजे स्वताणाच्या अवस्था. तीन गुणिले सांधे वजा सहा वजा रँक म्हणजे सैल हालचाली. प्रिझमसाठी रँक ११ येते, म्हणून दोन्ही एक.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रतिकृतीवर पट्टी लावून मोजलेले निर्देशांक घालणं. मग सर्वांत लहान मूल्य शून्य न येता 'जवळपास शून्य' येतं, संगणक रँक १२ सांगतो आणि समोर ताणलेली उभी असलेली रचना कागदावर अशक्य ठरते. आधी बलघनतेने नेमका आकार काढा, तेच निर्देशांक घाला आणि शेवटच्या दोन मूल्यांमधली दरी बघा. दरी ठळक नसेल तर आकार अजून सापडलेला नाही.

स्वताण आहे एवढ्याने भागत नाही, त्याने सैल हालचाल आवरलीही पाहिजे. त्यासाठी बलघनता-मॅट्रिक्स करा: कर्णावर त्या सांध्याला मिळणाऱ्या बलघनतांची बेरीज, इतर जागी जोडणाऱ्या घटकाची बलघनता उलट चिन्हाने. प्रिझमची पहिली ओळ १.१५५, −०.५७७, −०.५७७, −१, १, ० अशी येते. ओळीची बेरीज शून्य आलीच पाहिजे, नाहीतर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे. या मॅट्रिक्सची चार आयगेन मूल्यं शून्य आणि उरलेली सगळी धन हवीत. एकही ऋण आलं तर पूर्वताण (भार देण्याआधीच तारांत भरलेला ताण) वाढवल्यावर रचना ताठ होण्याऐवजी कोसळूही शकते.

पायरी ४: दांडी वाकेल का ते पाहा

तारेपेक्षा दांडी आधी दगा देते. ६ मिमी व्यासाची लाकडी दांडी घ्या, लाकडाचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) १०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरा. ऑयलरच्या सूत्राने २७८ मिमी लांबीला वाकण्याचं बल सुमारे ८१ न्यूटन. आपल्याला हवेत १३४.६, म्हणजे ती बाक घेणार. ८ मिमी दांडीला तेच बल २५७ न्यूटन येतं, कारण ते व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. ८ मिमी घ्या. जवळजवळ दुप्पट सुरक्षितता मिळते.

एक बारकावा कागदावर दिसत नाही. तारा दांडीच्या अक्षावर न मिळता बाजूला खिळ्याला बांधल्या, तर बल अक्षापासून ४ मिमी सरकतं. ८ मिमी गोल दांडीत त्यामुळे येणारा वाकण्याचा प्रतिबल नुसत्या दाबाच्या चौपट असतो. म्हणून टोकाला, बरोबर मध्यावर, डोळ्याचा (टोकाला कडी असलेला) स्क्रू बसवा आणि २७८.१ मिमी हे अंतर डोळ्याच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत धरा. लाकडाची लांबी त्यापेक्षा कमी निघेल.

पायरी ५: तारांच्या लांब्या आणि पूर्वताण

०.५ मिमी जाडीची पोलादी पियानो तार घ्या. १०० न्यूटनला ती पाव टक्का, म्हणजे उभ्या तारेत सुमारे ०.५ मिमी ताणली जाते. म्हणून बिनताणाची लांबी २०६.१ मिमी, त्रिकोणाच्या तारांची १७३.० मिमी. सगळा पूर्वताण अर्ध्या मिलिमीटरमध्ये सामावलेला आहे, आणि हाताने मारलेली गाठ तेवढी सहज सरकते. त्यामुळे गाठी नकोत, दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या वापरा. नायलॉनचा दोरा टाळा. तो ताणाखाली तासन्‌तास लांबत राहतो आणि आज ताठ केलेली रचना उद्या सैल मिळते.

नऊ तारा अचूक कापणं जमणार नाही, आणि गरजही नाही. स्वताणाची एकच अवस्था असल्यामुळे कुठलीही एक तार आवळली की सगळ्या घटकांतली बलं ठरलेल्या प्रमाणात एकदम वाढतात. एका उभ्या तारेत टर्नबकल (फिरवून तार आवळायचा आट्यांचा जोड) लावा. सगळे घटक जेमतेम ताठ झाल्यापासून ती एकटी सुमारे २.५ मिमी आखडली की उभ्या तारांत १०० न्यूटन येतात. अर्धा मिलिमीटर का नाही? ती एकटी तार बाकी आठ तारांची ताण आणि तीन दांड्यांची दबण मिळूनची सगळी भरपाई करते, म्हणून. एम३ आट्याच्या टर्नबकलचं दोन्ही बाजूंचं मिळून एका फेऱ्याला १ मिमी सरकतं, म्हणजे अडीच फेरे.

जोडणीचा क्रम: दोन्ही त्रिकोण, मग तीन दांड्या, मग दोन उभ्या तारा, शेवटी टर्नबकलची तार. तिन्ही दांड्या एकाच दिशेने झुकल्या पाहिजेत. तिन्ही उलट्या लागल्या तर आरशातली प्रतिमा तयार होते, बिघडत काही नाही. एकच उलटी लागली तर कितीही आवळा, ताण येत नाही.

ताण आला का ते आवाजावरून कळतं. तार छेडा आणि मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर वारंवारता वाचा. १०० न्यूटनच्या उभ्या तारेची सुमारे ६१६ हर्ट्झ आणि ४८.४ न्यूटनच्या त्रिकोणाच्या तारेची ५१२ हर्ट्झ यायला हवी. टर्नबकल असलेली तार मोजू नका, त्याच्या वजनाने आकडा बिघडतो. उभ्या तारेची टोकं घट्ट आवळलेली असतील तर तिच्या स्वतःच्या ताठपणामुळे वारंवारता दोन-अडीच टक्के जास्त दिसते. ताण वर्गाने काढायचा असल्याने तिथे चूक पाच टक्के होते. जाड तारेत हा परिणाम खूप वाढतो. १ मिमीच्या तारेत वारंवारताच दहा-बारा टक्के चढते.

पायरी ६: भार द्या

रेषीय विश्लेषण इथे चालत नाही. कारण समजायला एकच ताणलेली तार पुरे. दोन्ही बाजूंना ५०० मिमी, ताण १०० न्यूटन, तीच ०.५ मिमी तार, आणि मधोमध आडवं ढकलायचं. ५ मिमी सरकवायला लागतं सुमारे २ न्यूटन, आणि ते जवळजवळ सगळं पूर्वताणाचं देणं. ५० मिमी सरकवायला मात्र सुमारे ५९ न्यूटन, त्यातले २० पूर्वताणाचे आणि ३९ तार लांबल्याचे. सुरुवातीला मऊ, पुढे ताठर. सुरुवातीचा ताठरपणा पूर्वताणाच्या थेट प्रमाणात असतो. तार जाड केल्याने तो हलत नाही.

प्रिझमची सैल हालचाल पिळाची आहे, तेव्हा चाचणीही पिळाची करा: खालचा त्रिकोण पक्का धरून वरच्याला थोडं थोडं पिळणारं वजन लावा आणि प्रत्येक टप्प्याला कोन मोजा. ताण दुप्पट करून परत करा. आलेखाचा सुरुवातीचा चढ दुप्पट झाला पाहिजे. पहिल्या काही अंशांत चढच नसेल तर कुठली तरी तार सैल आहे, हिशोब तपासत बसू नका.

संगणकावर भार टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्प्याला आकार नव्याने घ्या, आणि ज्या तारेत दाब येईल ती तेवढ्यापुरती काढून टाका. तापमान विसरू नका. ॲल्युमिनियमच्या नळ्या पोलादी तारांच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतात. थंडीत त्या जास्त आखडतात आणि पूर्वताण उतरतो. म्हणून ताण सर्वांत थंड दिवसाचा धरून ठरवा आणि दांडीचं वाकणं सर्वांत गरम दिवसाला तपासा.

सहा दांड्यांची रचना करायची असेल तर आकडे तयारच आहेत. सांधे १२, घटक ३० (६ दांड्या, २४ तारा), स्वताण एक. समांतर दांड्यांमधलं अंतर दांडीच्या लांबीच्या बरोबर निम्मं, प्रत्येक तार दांडीच्या ०.६१२ पट, आणि दांडीवरचा दाब तारेतल्या ताणाच्या २.४५ पट. पडून-गडगडून टिकणाऱ्या रोबोसाठी नासाने हाच आकार घेतला.

आता पेशी

डोनाल्ड इंगबर यांनी पेशीचा सांगाडा टेन्सेग्रिटी आहे अशी मांडणी केली: ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांना ओढणारं मायोसिन हे मोटार-प्रथिन म्हणजे तारा, मायक्रोट्यूब्यूल या प्रथिनांच्या सूक्ष्म नळ्या म्हणजे दांड्या. मांडणी देखणी आहे. पण वरच्या पायऱ्या इथे जशाच्या तशा लागू होत नाहीत, कारण घटक मोजता येत नाहीत, सतत जुळतात-तुटतात, आणि स्वताणाच्या अवस्था असंख्य असतात. प्रिझमची एक तार कापली की सगळं कोसळतं. पेशीत एक तंतू कापल्याने तसं होत नाही. म्हणून मोजायचे प्रश्न बदलतात.

पहिला प्रश्न, दाब कोण घेतं? मायक्रोट्यूब्यूलचा व्यास २५ नॅनोमीटर, ॲक्टिनचा ७. ॲक्टिनचा तंतू पंधरा-वीस मायक्रोमीटरांतच स्वतःहून वळतो, मायक्रोट्यूब्यूल मात्र मिलिमीटरच्या पल्ल्यापर्यंत सरळ राहू पाहते. दांडी म्हणून तीच योग्य. पण ऑयलर लावून पाहा. १० मायक्रोमीटर लांबीची एकटी मायक्रोट्यूब्यूल जेमतेम २ पिकोन्यूटनला वाकते, आणि एका मायोसिन मोटारीचा जोरच काही पिकोन्यूटन असतो. एवढ्यावरून 'मग ती दांडी नव्हेच' असं म्हटलं जायचं. ब्रँगविन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की जिवंत पेशीत ती एका मोठ्या कमानीत वाकत नाही, सुमारे ३ मायक्रोमीटरच्या लहान लहान लहरींत वाकते, कारण आजूबाजूचं लवचीक जाळं तिला बाजूने आधार देतं. त्यामुळे ती जवळपास शंभरपट दाब पेलू शकते. थोडक्यात, सूक्ष्मदर्शकाखाली लहरीची लांबी मोजा. मोकळ्या दांडीचं सूत्र वापरायचं की आधार असलेल्या दांडीचं, ते तिच्यावरून ठरतं.

दुसरा प्रश्न, ताठरपणा पूर्वताणाबरोबर वाढतो का? लवचीक जेलवर पेशी वाढवून तिने जेल किती ओढलं यावरून ताण काढतात, आणि पृष्ठभागावर चिकटवलेले चुंबकीय मणी पिळून ताठरपणा. दोन्ही एकमेकांच्या प्रमाणात वाढतात असं चिकटून आकुंचन पावणाऱ्या पेशींत दिसलं आहे. पायरी ६ शी हे जुळतं. मात्र दांड्या नसलेलं, नुसतं गुंफलेलं ॲक्टिनचं जाळंही ताणलं की ताठरतं, तेव्हा हा पुरावा लागतो, पुरत नाही.

तिसरा, कापल्यावर काय होतं? लेझरने ॲक्टिनचा जाड तंतू कापला की टोकं मागे सरतात, म्हणजे तो ताणलेला होता. पण ती काही सेकंदांत, हळूहळू सरतात, कारण तंतू लवचीक तसाच चिकटही आहे. सरकण्याच्या वेगावरून थेट ताण काढू नका. चिकटपणाचं मूल्य माहीत नसेल तर फक्त तुलना करता येते.

टेन्सेग्रिटीचा शिक्का कुठे मारू नये, तेही सांगायला हवं. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत स्पेक्ट्रिन या प्रथिनाचं जाळं असतं, मायक्रोट्यूब्यूल नसतातच. तिथे दांड्या शोधणं व्यर्थ. कण्याचे मणके हवेत तरंगतात असंही वाचायला मिळतं, पण नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात कमरेच्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला आणि तो चांगलाच होता. मणका-चकती-मणका ही दाबाची अखंड साखळी आहे. स्नायू आणि अस्थिबंध तिला बाजूने आवरतात. याला ताणलेल्या दोरांनी धरलेला खांब म्हणा.

दांड्या काढून घेण्याचा प्रयोग सर्वांत जास्त चुकतो. नोकोडाझोल घालून मायक्रोट्यूब्यूल विरघळवल्या की पेशी जेलला जास्त जोरात ओढते. 'दांड्यांवरचा भार जमिनीवर आला' असा अर्थ लावायचा मोह होतो. पण मायक्रोट्यूब्यूल विरघळताना तिला बांधलेलं जीईएफ-एच१ हे प्रथिन सुटतं, आकुंचन चालू करणारं आरएचओए हे प्रथिन जागं करतं आणि मायोसिन जास्त आवळतं. ओढ दोन्ही कारणांनी वाढते. म्हणून त्याच नमुन्यात मायोसिनच्या हलक्या साखळीचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडलं जाणं, म्हणजे मायोसिन किती चालू आहे याची खूण) मोजा, किंवा आधीच आकुंचन कमाल पातळीवर नेऊन मग औषध घाला. फॉस्फोरिलेशन न बदलता ओढ वाढली, तर तेवढाच वाढीव भाग दांड्यांच्या खात्यावर मांडा.